आई-अण्णांना घेऊन कोलोरॅडोतली ओसाड खाणगावं बघावीत का?

औसेकर:
मी लातूरकडचा, सध्या डेन्व्हरला. जुलैत आई-अण्णा येतायत. त्यांना अन् पोरांना घेऊन सिल्व्हरटन, तिथून ॲनिमस फोर्क्स हे ओसाड खाणगाव बघायचा बेत आहे. ते गाव 11,200 फुटांवर, आपलं लातूर दोन हजारावर. अण्णांना बीपीची गोळी चालू आहे. झेपंल का?

दुसरं असं, की आमचं जुनं घर 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात गेलं. आई अजूनही जुन्या गावठाणात गेली की पडक्या भिंतीला हात लावून उभी राहते. तिला असली रिकामी घरं दाखवावीत का, काही कळंना.

परभणीची लेक:
आम्ही सासू-सासऱ्यांना नेलं होतं. आधी डॉक्टरांना विचारा, डेन्व्हरला चार-पाच दिवस राहू द्या, मग निघा. सिल्व्हरटनच्या पुढं कच्चा रस्ता आहे, उंच गाडीच घ्या. युरे गावाच्या बाजूनं येऊ नका, घाटात बऱ्याच ठिकाणी कठडाच नाही. ड्युरँगोवरून सिल्व्हरटनला 1882 पासूनची छोटी रेल्वे आहे, पोरं खूष होतील.

बालाघाट:
वर जमलं नाही तर सेंट एल्मो हे असलंच ओसाड गाव बघा. दहा हजार फुटांच्या आतच आहे, लाकडी दुकानं अजून उभी आहेत.

औसेकर:
आभार. रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "तिथली माणसं कुठं गेली रे?" म्हणलं, 1893 ला चांदीचा भाव पडला, खाणी हळूहळू बंद पडल्या, माणसं कामामागं गेली. ती म्हणाली, "म्हंजे जित्ती गेली. मग चल, बघू."