शब्दचर्चा : आयनमार्ग ‘बंद’ असतो म्हणजे नेमका कसा असतो?

प्रश्न

हृदयाच्या ठोक्यामागची वीज कशी निर्माण होते, यावरचा एक लेख विद्यार्थ्यांसाठी मराठीत आणते आहे. तीन ठिकाणी अडले आहे. आयन चॅनलला, म्हणजे विद्युतभार असलेले अणू (आयन) पेशीत ये-जा करतात त्या वाटेला, ‘आयन वाहिनी’ म्हणावं का? ‘मसल सेल’ला मी ‘स्नायुपेशी’ लिहिलं, तर एक हिंदीभाषक सहकारी म्हणाले, यात सेल कुठे आहे? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, सोडियमचा चॅनल कधी ‘क्लोज्ड’ असतो, कधी ‘इनॲक्टिव्हेटेड’. दोन्हीकडे ‘बंद’ लिहिलं आणि परिच्छेदाचा अर्थच गेला.

प्रतिसाद

स्नायुपेशी बरोबर आहे, बदलू नका. संस्कृतात ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा, स्नायू. हिंदीने तोच अर्थ ठेवला आणि सेलला ‘कोशिका’ म्हटलं. मराठीत पेशी म्हणजे सेल आणि स्नायू म्हणजे मसल असं रुळलं. बंगालीत तर ‘स्नायू’ म्हणजे मज्जातंतू. सहकाऱ्यांचा गोंधळ साहजिक आहे, पण तुमचा वाचक मराठी आहे.

‘वाहिनी’ मात्र नको. वाहिनी म्हणजे वाहून नेणारी, जशी रक्तवाहिनी. चॅनल काहीच वाहून नेत नाही. तो पेशीच्या पातळ आवरणातलं प्रथिनाचं एक भोक आहे, दार असलेलं. सोडियम बाहेर जास्त, पोटॅशियम आत जास्त; हा फरक टिकवायला पेशीतले पंप ऊर्जा खर्च करत असतात. चॅनलचं दार उघडलं की आयन आपणहून उतारावरून निघतात. म्हणून ‘आयनमार्ग’.

दुसरा प्रतिसाद

‘आयन’बद्दल थोडं अवांतर, पण मला राहवत नाही. हा शब्द फॅरेडेने १८३४ मध्ये छापला, सुचवला होता विल्यम ह्युएल यांनी. ग्रीक अर्थ ‘जाणारा’. आपल्या उत्तरायणातलं ‘अयन’ म्हणजेही जाणं, आणि ग्रीक धातू व संस्कृतातला ‘इ’ धातू एकाच मुळातून आले आहेत. म्हणजे बाहेरून आलेला आयन हा आपल्या अयनाचा भाऊबंदच आहे, आणि ‘आयनमार्ग’ म्हणजे जाणाऱ्याची वाट! शब्द घडवायला बसलं तरी इतकं नेमकं साधलं नसतं.

प्रश्नकर्ती

हे माहीत नव्हतं, आनंद झाला. पण ‘बंद’चं काय? ‘निष्क्रिय’ लिहून पाहिलं. वाचणाऱ्याला वाटतं की मार्ग कायमचा निकामी झाला.

पहिला प्रतिसादक

‘निष्क्रिय’ चुकीचा नाही, पण चित्र उभं करत नाही. घराच्या दाराचंच उदाहरण घ्या. दार नुसतं लोटलेलं असतं, उघडं असतं, किंवा आतून अडसर घातलेलं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला पहिलं आणि तिसरं सारखंच दिसतं, पण ढकलून पाहिल्यावर फरक कळतो. सोडियममार्गाच्या याच तीन अवस्था आहेत: लोटलेला म्हणजे ‘क्लोज्ड’, उघडा, आणि अडसर घातलेला म्हणजे ‘इनॲक्टिव्हेटेड’.

हृदयाच्या खालच्या कप्प्यांतल्या स्नायुपेशीत विश्रांतीच्या वेळी आतला विभव (व्होल्टेज) बाहेरच्या मानाने सुमारे -९० मिलिव्होल्ट असतो. तेव्हा सोडियमची दारं लोटलेली असतात. शेजारच्या पेशीकडून धक्का आला की ती सताड उघडतात, सोडियम आत घुसतो आणि विभव शून्य ओलांडून धन होतो. काही मिलिसेकंदांतच अडसर पडतो. आता कितीही धक्के द्या, दार हलत नाही. विभव पुन्हा पुरेसा खाली उतरला तरच अडसर निघतो आणि दार परत ‘लोटलेलं’ होतं.

ते उतरणं हृदयात फार सावकाश होतं. मज्जातंतूत सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. इथे २०० ते ३०० लागतात. कारण मधेच कॅल्शियम आत येत राहतो, पोटॅशियम बाहेर जात राहतो, दोघांची जवळजवळ बरोबरी होते आणि आलेखात पठार दिसतं. (‘प्लेटो’ला ‘पठार’च लिहा, दुसरा शब्द शोधू नका.) आत आलेला तो कॅल्शियमच आकुंचनाला सुरुवात करून देतो. पुढे कॅल्शियमची दारं मिटतात, पोटॅशियमची आणखी उघडतात आणि विभव खाली येतो. पठाराच्या सगळ्या काळात सोडियममार्गांना अडसर असतो, म्हणून पेशी नव्या धक्क्याला दाद देत नाही. त्यामुळे हृदय हाताच्या स्नायूसारखं आखडून राहू शकत नाही. सैल पडून रक्ताने भरायला त्याला वेळ मिळतो.

तिसरा प्रतिसाद

औषधांच्या बाजूने पुष्टी देतो. लिडोकेन हे सोडियममार्ग अडवणारं औषध लोटलेल्या दारापेक्षा उघड्या किंवा अडसर पडलेल्या दाराला जास्त घट्ट धरून बसतं. रक्तपुरवठा कमी पडलेल्या भागात पेशींचा विभव पुरता खाली उतरत नाही, म्हणजे अडसर पडलेले मार्ग तिथे अधिक. म्हणून औषधाचा जोरही तिथेच जास्त. दोन्हींना ‘बंद’ म्हटलं तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही. आणि ‘गेट’ला ‘झडप’ म्हणू नका. हृदयाच्या लेखात झडप म्हणजे व्हॉल्व्ह, तिथे वाचक हमखास घसरेल. ‘दार’ पुरे.

‘रिफ्रॅक्टरी पीरियड’ला ‘दाद न देण्याचा काळ’ लिहिता येईल का? वर तो वाक्प्रचार सहज आला, म्हणून विचारतो.

प्रश्नकर्ती

लिहिणार. ‘अनुत्तेजी काळ’ खोडला.

शेवटचं एक. सायनस नोडच्या पेशी, म्हणजे ठोक्याची लय धरणाऱ्या, स्वस्थ बसतच नाहीत. विभव तळाला गेला की तिथे एक प्रवाह आत सुरू होतो आणि विभव परत हळूहळू वर सरकवतो. १९७९ मध्ये ब्राऊन, डिफ्रान्सेस्को आणि नोबल यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला ‘फनी’ हे नाव पडलं. ‘गमतीदार प्रवाह’ वाचवत नाही.

दुसरा प्रतिसादक

इथे फनी म्हणजे हसू आणणारा नव्हे. इतर बहुतेक दारं विभव वर गेला की उघडतात, हे खाली गेला की उघडतं. शिवाय त्यातून सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही जातात. ‘विचित्र’मध्ये काहीतरी बिघडल्याची छटा येते. ‘चमत्कारिक’ जवळचा आहे, पण वाचकाला दैवी चमत्कार वाटेल. माझं मत ‘तऱ्हेवाईक’ला. ज्याची तऱ्हा वेगळी तो तऱ्हेवाईक. आयव्हाब्रॅडिन हे औषध हाच प्रवाह रोखून ठोके कमी करतं, तेव्हा हा शब्द लेखात पुन्हा लागेल.

प्रश्नकर्ती

‘तऱ्हेवाईक प्रवाह’ ठेवते. पहिल्यांदा येईल तिथे ‘फनी करंट’ही देवनागरीत लिहीन, म्हणजे पुढे इंग्रजीतून शिकणाऱ्याला ओळख पटेल.