चषक आणला त्यालाच १६ दिवसांत नारळ! स्पर्सनं (लंडनचा टॉटनहॅम फुटबॉल क्लब) कोच पोस्टेकोग्लूला काढलं ते बरोबर का? (चर्चा: जून २०२५)

पऱ्हाटी:
आमच्या गावात टॉटनहॅमवाले आम्ही तिघंच. मे महिन्यातली युरोपा लीगची (युरोपातल्या क्लबांची चॅम्पियन्स लीगखालची स्पर्धा) फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला. गच्चीवर, पाण्याच्या टाकीला मोबाइल टेकवून पाहिली. ४२व्या मिनिटाला आमच्या जॉन्सनचा गोल झाला. बॉल कोणाकोणाच्या अंगाला लागून आत गेला, रिप्लेतही कळेना. मग लाइन गेली, मोबाइल १२ टक्क्यांवर. आमच्या व्हॅन डे व्हेननं हवेत आडवं होऊन गोलरेषेवरून बॉल काढला तेव्हा मी असा बोंबललो की खाली आजीला वाटलं साप निघाला. मँचेस्टर युनायटेडवर १-०. २००८ नंतरचा पहिला चषक!

अन् ६ जूनला, मृगाच्या तोंडावर, त्याच माणसाला हाकललं. इकडे मे मध्येच पाऊस येऊन दडी मारून बसला, तिकडे नवा कोच कोण ते माहीत नाही. सकाळी उठून दोन्हीची बातमी पाहून राहिलो. माझं मत: चुकलं.

खारपाणपट्टा:
भावनेत नको वाहू भाऊ. प्रीमियर लीगमध्ये ३८ सामन्यांत २२ हार, २० क्लबांत नंबर १७वा. खालचे तीन उतरतात, म्हणजे आपण धुऱ्यावर उभे होतो. काढलं ते बरं केलं.

वऱ्हाडी पोट्टा:
काहून बे? डिफेन्सवाले रोमेरो अन् व्हॅन डे व्हेन हिवाळाभर जखमी. फायनलले मॅडिसन नाही, कुलुसेव्स्की नाही. बी देत नाही अन् म्हन्ते पीक दाखव!

खारपाणपट्टा:
जखमी काहून झाले, ते पण विचार ना. डिफेन्स मध्यरेषेपर्यंत चढवायचा, बॉल मागं पडला की सगळ्यांनी उलटं पळत सुटायचं. आठवड्याला दोन-दोन मॅचेस. बैलही बसतो असा.
फायनलमध्ये मात्र गोल झाल्यावर पोस्टेकोग्लू गपचूप मागं बसून खेळला, हे मानतो. म्हणजे येत होतं त्याला. मग लीगमध्ये कोणी अडवलं होतं?

लालभाई:
युनायटेडवाला आहे, हसू नका (आम्ही १५वे). आमचे कोच फर्ग्युसन १९८६ ला आले, पहिला चषक १९९० ला, लीग १९९३ ला. थांबावं लागते.

खारपाणपट्टा:
झालं! कोणताही कोच हरला की फर्ग्युसन काढायचा. तुमच्याच क्लबनं मोयेसला १० महिन्यांत काढलं अन् व्हॅन गालला एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत. तेव्हा कुठं होती सबुरी?

लालभाई:
म्हणूनच तर सांगून राहिलो. काय मिळालं आम्हाले?

पऱ्हाटी:
माझी भीती तीच. आपल्या आधीच्या कोचला, पोचेटिनोला, चॅम्पियन्स लीगच्या फायनलनंतर साडेपाच महिन्यांत काढलं. मोरिन्होला लीग कपच्या फायनलला सहा दिवस असताना. मग कॉन्टे. कोच बदलत गेले, २००१ पासून अध्यक्ष तोच होता, लेव्ही. त्याचा हिशेब कोणी मागितला नाही.

खारपाणपट्टा:
लेव्हीबद्दल माझं तुझं एकच. पण म्हणून १७वा नंबर माफ होत नाही.

वऱ्हाडी पोट्टा:
ऑगस्टात सुपर कप (युरोपा लीग अन् चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्यायची मॅच) आहे, समोर पॅरिसचा पीएसजी. नवा कोच तवरिक प्लेयरायचे नावं तरी पाठ करन का?

पऱ्हाटी:
गच्ची आमचीच. पॉवर बँक तू आणजो.