कर्करोगाच्या चाळणी तपासणीने खरोखर पैसा वाचतो का, आणि तो वाचलाच पाहिजे का?

त्रैराशिक (धागाकर्ता)

कर्करोग लवकर सापडला तर उपचार कमी खर्चात होतात, म्हणून सर्व निरोगी माणसांची नियमित चाळणी तपासणी केली तर एकूण पैसा वाचतो, हा युक्तिवाद मी डॉक्टरांकडून, विमा कंपन्यांच्या लोकांकडून आणि धोरण आखणाऱ्यांकडूनही ऐकत आलो आहे. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र बहुतेक तपासण्यांच्या बाबतीत खोटा आहे, आणि त्याच्या भरवशावर उपचारांचा पैसा तपासण्यांकडे वळतो, म्हणून मला तो घातकही वाटतो.

पहिल्या टप्प्यातल्या गाठीला बहुधा शस्त्रक्रिया आणि मर्यादित काळाचे उपचार पुरतात, तर शरीरभर पसरलेल्या रोगात महागडी औषधे महिनोन्महिने चालू ठेवावी लागतात, हे मान्य. परंतु चाळणी तपासणी रुग्णांची होत नाही, ती निरोग्यांची होते. एका रुग्णामागे शेकडो माणसांच्या तपासणीचा, आणि त्यांपैकी संशयास्पद निघालेल्यांच्या सीटी स्कॅनचा व बायॉप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासण्याचा) खर्च त्याच हिशेबात धरावा लागतो. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी किरणमात्रेच्या सीटीमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, ही मोठीच गोष्ट आहे. पण त्याच चाचणीत 'संशयास्पद' ठरलेल्या निष्कर्षांपैकी ९६ टक्के निष्कर्षांच्या मागे कर्करोग नव्हता. यातून जीव वाचले, पैसा वाचला नाही.

सरासरी खर्च आणि सीमान्त खर्च (म्हणजे आणखी एक रुग्ण शोधण्यासाठी पडणारा जादा खर्च) यांतला फरक समजण्यासाठी १९७५ मधला एक हिशेब पाहावा. मोठ्या आतड्याचा कर्करोग शोधण्यासाठी शौचातील रक्ताची चाचणी लागोपाठ सहा वेळा करावी, अशी शिफारस तेव्हा होती. न्यूहाउझर आणि लेविकी या दोन संशोधकांनी दहा हजार माणसांत ७२ कर्करोग धरून गणित मांडले. पहिल्याच चाचणीत सुमारे ६६ सापडत होते, दुसरीपर्यंत ७१, आणि सहाव्या चाचणीने पडणारी भर एका रुग्णाच्या हजाराव्या भागाहूनही कमी होती. सहाही चाचण्या मिळून सापडलेल्या एका रुग्णामागचा सरासरी खर्च २,४५१ डॉलर दिसत होता, पण सहाव्या चाचणीने शोधलेल्या जास्तीच्या एका रुग्णामागे ४ कोटी ७१ लाख डॉलर पडत होते. सरासरी पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटले असते.

त्यावर अतिनिदानाचा, म्हणजे आयुष्यात कधीच त्रास दिला नसता अशा गाठी शोधून त्यांच्यावर उपचार करण्याचा, खर्च वेगळाच. दक्षिण कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय तपासणी कार्यक्रमाला जोडून गळ्याची सोनोग्राफी थोड्या जादा पैशांत होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या नोंदींचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले आणि मृत्यूंचे प्रमाण जिथल्या तिथे राहिले. जवळजवळ सर्वांवर शस्त्रक्रिया झाली, त्यातल्या कित्येकांना जन्मभर गोळ्या लागल्या आणि काहींचा आवाज गेला.

माझे म्हणणे एवढेच, की ज्या तपासणीने मृत्यू घटतात हे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे तीच सार्वजनिक पैशातून करावी, आणि त्याआधी निदान झालेल्या प्रत्येकाच्या उपचारांची तरतूद करावी.

दीपमाळ

त्रैराशिक, तुमची आकडेमोड मी नाकारत नाही, पण तुम्ही कोणाची वही उघडून बसला आहात, हा माझा प्रश्न आहे. तुमच्या हिशेबात शासन किंवा विमा कंपनी खर्च करते. जगातल्या फार मोठ्या लोकसंख्येसाठी तो खर्च घरातूनच होतो.

आग्नेय आशियातील आठ देशांतल्या ९,५१३ नव्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस २९ टक्के रुग्ण मरण पावले होते आणि ४८ टक्के कुटुंबांनी घराच्या वार्षिक उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून जास्त रक्कम उपचारांवर घालवली होती. जिवंत आणि आर्थिकदृष्ट्या शाबूत असे २३ टक्केच उरले. सुबत्तेच्या देशांत तरी वेगळे काय आहे? अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील नोंदींवरून २०१३ मध्ये दिसले, की कर्करोगाच्या रुग्णांवर दिवाळखोरी ओढवण्याची शक्यता इतरांच्या अडीच पटींहून अधिक होती. रोग कोणत्या टप्प्यावर सापडला यावर त्या घराचा पुढच्या दहा वर्षांचा संसार ठरतो. सरकारी ताळेबंदात पैसा वाचला नाही, तरी घराच्या ताळेबंदात वाचतो, आणि अर्थशास्त्राने तोही मोजला पाहिजे.

दुसरे म्हणजे थायरॉइडचे उदाहरण देऊन सर्व तपासण्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या आधीची अवस्था वर्षानुवर्षे टिकते, ती सापडली तर साध्या उपचाराने नष्ट करता येते आणि कर्करोग होतच नाही. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील एक लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एचपीव्ही या, हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीच्या एकाच फेरीने, होय, आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने, या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. सहाव्या चाचणीचा तो प्रसिद्ध हिशेबही ज्या गृहीतकांवर उभा होता, त्यांवर १९९० मध्ये सविस्तर टीका झाली आहे, तीही सांगायला हवी होती.

आडवाट

मी अर्थशास्त्रातली नाही. माझ्या आईबद्दल लिहिते. तिची मोफत स्तन तपासणी एका उपक्रमात झाली आणि 'पुढील तपासणी आवश्यक' असा कागद हातात देऊन तिला घरी पाठवण्यात आले. पुढील तपासणी कुठे, कोणाच्या खर्चाने, किती दिवसांत, हे सांगणारे तिथे कोणीही नव्हते. मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि बायॉप्सी होईपर्यंत साडेचार महिने गेले आणि त्या काळात ती रात्री झोपत नसे. त्या उपक्रमाच्या अहवालात मात्र तपासलेल्या स्त्रियांच्या संख्येत ती नक्कीच मोजली गेली असणार.

विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्ये चाळणी तपासणीची दहा तत्त्वे लिहिली, त्यांत निदान आणि उपचारांच्या सोयी उपलब्ध असल्या पाहिजेत, हे स्पष्ट म्हटले आहे. बायॉप्सी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट नसताना, शस्त्रक्रियेची तारीख मिळत नसताना केलेली तपासणी माणसाला फक्त भीती देते. म्हणून या वादात मी त्रैराशिक यांच्या बाजूने आहे, पण माझे कारण पैशाचे नाही.

त्रैराशिक

आडवाट, तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल आभार. पाठपुराव्याचा खर्च हा तपासणीच्याच खर्चाचा भाग धरला पाहिजे, तो अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर टाकला की पहिला कात्री लागणारा तोच असतो.

दीपमाळ, एचपीव्ही चाचणीबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे, आणि १९९० च्या टीकेचा उल्लेख मी करायला हवा होता. गृहीतके बदलली तर ४ कोटींचा आकडा कोसळतो, मात्र सरासरीआड सीमान्त खर्च लपतो हा धडा कोसळत नाही. माझा खरा विरोध 'लवकर सापडला म्हणजे वाचला' या समजुतीला आहे. ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक स्त्रियांवर बीजांडकोशाच्या कर्करोगाची तपासणी वर्षानुवर्षे झाली, रक्तचाचणीमुळे रोग अधिक लवकरच्या टप्प्यात सापडू लागला, आणि तरीही २०२१ च्या निष्कर्षांत मृत्यू घटलेले दिसले नाहीत. आज एकाच रक्तनमुन्यातून अनेक कर्करोग ओळखण्याचा दावा करणाऱ्या चाचण्या विकल्या जात आहेत. त्यांचे मूल्य सापडलेल्या टप्प्यावरून ठरवले तर आपण तीच चूक फार मोठ्या किमतीत पुन्हा करू.

मोजपट्टी सर्वांना एकच असावी, औषधांनाही. कोणते उपचार सरकारी पैशातून द्यावेत हे ठरवणारी इंग्लंडची नाइस ही संस्था अनेक वर्षे निरोगी आयुष्याच्या एका जादा वर्षामागे २० ते ३० हजार पौंड ही मर्यादा साधारणपणे पाळत आली. त्या मर्यादेत न बसणाऱ्या कर्करोगाच्या औषधांसाठी २०११ मध्ये वेगळा निधी काढला गेला आणि २०१६ मध्ये त्याची नाडी पुन्हा नाइसच्याच हाती द्यावी लागली. सहानुभूतीपोटी मोजपट्टी बाजूला ठेवली, की ती रक्कम दुसऱ्या कोणाच्या तरी उपचारांतून जाते, आणि तो दुसरा रुग्ण कधी दिसत नाही.

दीपमाळ

मोजपट्टी एकच असावी हे ठीक, पण तुमची मोजपट्टी औषधाच्या किमतीवर लटकलेली आहे. पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरची नवी औषधे आल्यावर उपचारांचा खर्च इतका वाढला, की २००९ च्या एका प्रतिमान-अभ्यासात (गणिती नमुन्यावर मांडलेल्या हिशेबात) त्याच आतड्याची चाळणी तपासणी पैसा वाचवणारी ठरली. तपासणी तीच राहिली, भाव बदलले. मग 'तपासणीने पैसा वाचत नाही' हे तुमचे विधान कायमचे कसे?

त्रैराशिक

कायमचे नाही, हे मान्य करतो, आणि 'बहुतेक' हा शब्द मी म्हणूनच वापरला होता. पण या उदाहरणाने मला आनंद होत नाही. ती बचत औषध महाग असल्यामुळे निर्माण झाली. पेटंट संपून तेच औषध स्वस्त झाले की बचत आटते. औषधाचा भाव खाली आणण्याची खटपट सोडून त्या भावाला तपासणीचे समर्थन मानणे मला पटत नाही.

दीपमाळ

इथे आपण मुद्द्याच्या मुळाशी आलो. तुम्ही आणि त्या अभ्यासाचे लेखक दोघेही असे धरून चालता, की उशिरा सापडलेल्या रुग्णाला उपचार मिळतो. जिथे मिळत नाही तिथे काय होते ते पाहा. पसरलेल्या रोगाचा रुग्ण औषधाविना घरी मरतो आणि हिशेबात त्याच्या नावापुढे शून्य खर्च पडतो. त्याच वस्तीत तपासणी सुरू केली, की दहा स्त्रिया लवकर सापडतात, त्यांच्यावर शस्त्रक्रिया होते, आणि खर्चाचा आकडा शून्यावरून वर जातो. मग अहवाल म्हणतो की तपासणीने खर्च वाढवला. तो खर्च उपचाराविना मरणाऱ्या बाईच्या उपचारांचा आहे, जो आधी कोणी केलाच नव्हता. तुम्ही 'आधी उपचारांची तरतूद' म्हणता तेव्हा त्यात या बाईची नोंद नसते, कारण तिचे निदानच झालेले नसते.

त्रैराशिक

हे मी असे मांडून पाहिले नव्हते. उपचाराविना झालेला मृत्यू हिशेबात फुकट धरला जातो, हा दोष खरा आहे, आणि अशा ठिकाणी खर्चाची तुलना सोडून टळलेल्या मृत्यूंचीच तुलना करावी, हे मला पटते. क्रमाबद्दलचा माझा आग्रह मात्र कायम आहे. तुमच्या त्या दहा स्त्रियांना शस्त्रक्रियेची तारीख देऊ शकेल असे रुग्णालय आधी उभे राहू द्या.

आडवाट

आणि दोन्ही एकदम उभे राहू शकणार नसतील, तर तपासणीच्या कागदावर निदान पुढच्या भेटीचा दिवस आणि ठिकाण लिहिलेले असावे. त्याला फारसा पैसा लागत नाही. आईच्या कागदावर ती जागा कोरी होती.