मेअखेरीस हायवे १ आणि टायोगा खिंड: दोन्ही रस्ते उघडे मिळतील असे धरून बेत आखावा का?

रानवाट (प्रश्न)

नमस्कार. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून भाड्याच्या गाडीने निघण्याचा विचार आहे. माँटेरेहून हायवे १ धरून बिग सरच्या किनाऱ्याने कॅम्ब्रियापर्यंत जायचे, तेथून आत वळून योसेमिटी राष्ट्रीय उद्यान गाठायचे आणि मग टायोगा खिंड ओलांडून पूर्वेकडे ली व्हायनिंगला, मोनो सरोवराजवळ मुक्काम करायचा, असा ढोबळ आराखडा आहे. नकाशावर हे सगळे एका ओघात बसते. परंतु जसजशी माहिती काढत गेलो तसतसे लक्षात आले की या दोन्ही रस्त्यांवर ‘रस्ता बंद’ ही पाटी काही नवलाची नाही.

टायोगा मेअखेरीस उघडी असण्याची शक्यता कितपत धरावी आणि ती आधीपासून कशावरून ओळखावी? मे महिन्यात त्या किनाऱ्यावर पाऊस फारसा नसतो म्हणतात, तेव्हा हायवे १ ची काळजी करण्याचे कारण उरते का? शिवाय हॉटेलांचे आरक्षण आत्ताच केले तर स्वस्तात मिळते, पण रद्द केल्यास पैसे बुडतात. ते करावे की थांबावे, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे.

देवदार

मी टायोगापुरते लिहितो. ही खिंड ३,०३१ मीटर (९,९४३ फूट) उंचीवर आहे आणि हिवाळाभर तेथील बर्फ हटवलाच जात नाही. साधारणतः नोव्हेंबरमध्ये मोठा हिमवर्षाव झाला की फाटक लागते, ते पुढच्या वर्षी मेअखेरीस किंवा जूनमध्ये निघते. १५ एप्रिलच्या सुमारास उद्यानाच्या बाजूने बर्फ कापणारी यंत्रे कामाला लागतात आणि पूर्वेकडून कॅलिफोर्निया राज्याचे रस्ते खाते, म्हणजे कॅलट्रान्स, ली व्हायनिंगच्या दरीतून वर चढत येते. बर्फ किती फूट आहे एवढ्यावरच कामाचा वेग ठरत नाही. ऑल्मस्टेड पॉइंटजवळ रस्ता गुळगुळीत ग्रॅनाइटच्या तिरप्या कड्याला बिलगून जातो. त्या दगडावर बर्फाला धरून ठेवणारे काही नसल्याने वरचा थर ऊन तापू लागले की सुटण्याची भीती असते, आणि म्हणून यंत्रचालकांना तेथे हिमलोटाचा अंदाज घेत, थांबत थांबत पुढे सरकावे लागते. खाली योसेमिटीच्या दरीत लोक सदऱ्यांच्या बाह्या दुमडून फिरत असतात आणि वर फाटक बंद असते, याचा उलगडा तेथे होतो.

उघडण्याच्या तारखा पाहिल्या तर अंदाज करणे किती अवघड आहे ते कळेल. २०१५ मध्ये रस्ता ४ मे रोजी उघडला, २०१७ मध्ये २९ जून रोजी, २०२४ मध्ये १० जून रोजी आणि २०२३ मध्ये तर चक्क २२ जुलै रोजी. यामागचे गणित मात्र गूढ नाही. राज्याचे जलसंपदा खाते १ एप्रिलच्या सुमारास सिएरा नेवाडा पर्वतरांगेतील बर्फसाठ्याचा आकडा जाहीर करते. २०१५ मध्ये तो सरासरीच्या जेमतेम ५ टक्के होता आणि २०२३ मध्ये सरासरीच्या दुपटीहून अधिक. तो आकडा सरासरीच्या आसपास किंवा वर असेल, तर मेअखेरीस खिंड बंदच आहे असे समजून चालावे. बराच कमी असेल तरच आशा धरावी, आणि उघडली तरी सुरुवातीच्या दिवसांत दुपारी वितळलेले पाणी रात्री रस्त्यावर गोठते, त्यामुळे ऊन वर आल्यावरच निघावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. टायोगा बंद असली की लोक नकाशावर उत्तरेची सोनोरा खिंड (हायवे १०८) किंवा एबेट्स खिंड (हायवे ४) शोधतात. त्या दोन्हीही हंगामीच आहेत, त्यामुळे एक मिळाली नाही तर दुसरी मिळेल हा हिशेब बऱ्याचदा फसतो. बारमाही उघडी ठेवली जाणारी वाट त्याहून उत्तरेला, कार्सन खिंडीतून जाणाऱ्या हायवे ८८ वर आहे. म्हणजे दोन तासांच्या रस्त्याऐवजी जवळजवळ दिवसभराचा वळसा. आई-वडील बरोबर असताना हा वळसा आयत्या वेळी गळ्यात पडू नये.

लाटांपलीकडे

किनाऱ्याच्या रस्त्याबद्दल आपण जे गृहीत धरले आहे त्यालाच माझी हरकत आहे. पाऊस संपला की धोका संपला, असे बिग सरमध्ये होत नाही. मड क्रीकची प्रचंड दरड कोसळली ती २० मे २०१७ रोजी, म्हणजे आपण जाणार आहात त्याच महिन्यात आणि तेथील हिवाळी पाऊसकाळ उलटून गेल्यावर. त्या हिवाळ्यात मुरलेले पाणी डोंगराच्या पोटात खोलवर उतरले होते आणि त्याचा परिणाम दिसायला वेळ लागला. सुमारे ४०० मीटर लांबीचा रस्ता गाडला गेला आणि समुद्रात नवी जमीनच तयार झाली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही, परंतु रस्ता पुन्हा सुरू व्हायला १८ जुलै २०१८ उजाडले. म्हणून हवामानाचा दहा दिवसांचा अंदाज पाहून निश्चिंत होण्यापेक्षा मागचा अख्खा हिवाळा कसा गेला ते पाहणे अधिक उपयोगाचे.

दुसरी खूण वणव्याची. जळलेल्या उतारावर झाडोरा राहत नाही आणि मातीचा वरचा थर पाणी शोषून घेईनासा होतो. मग एकाच जोरदार पावसात राख, चिखल, ओंडके असे सगळे एकदम खाली येते. ऑगस्ट २०२० मध्ये डोलन वणवा लागला आणि पुढच्या जानेवारीतल्या वादळात रॅट क्रीक येथे नेमके हेच घडले. रस्त्याखालची मोरी त्या गाळाने तुंबली, पाणी भरावाच्या मागे साठले, वरून वाहू लागले आणि सुमारे ४५ मीटर रस्ता भरावासकट समुद्रात गेला. ती दुरुस्ती मात्र एप्रिल २०२१ मध्येच पूर्ण झाली. तेव्हा बंद काही आठवड्यांचा की वर्षभराचा, हे पडले काय यावर अवलंबून असते: भराव वाहून गेला तर तो पुन्हा घालता येतो, पण डोंगरच सरकत असेल तर तो थांबेपर्यंत अभियंत्यांनाही वाट पाहावी लागते.

व्यवहारात महत्त्वाचे म्हणजे कार्मेल ते सॅन सिमियन या सुमारे १४५ किलोमीटरच्या पट्ट्यात सँटा लुसिया डोंगर ओलांडून आत जाणारा डांबरी रस्ता एकच आहे, नासिमिएंतो-फर्ग्युसन. तो अरुंद, वळणावळणाचा आहे आणि स्वतःच वारंवार बंद असतो. त्यामुळे मधे कोठेही रस्ता तुटला की आल्या वाटेने मागे फिरण्यावाचून गत्यंतर नसते. २०१७ मध्ये फायफर कॅन्यनचा पूल खचला आणि दक्षिणेकडे दरडी पडल्या, तेव्हा मधली वस्ती महिनोन् महिने बेटासारखी अलग पडली होती. (नवा पूल त्याच ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, घळीत खांबच नको म्हणून तो एका झेपेचा पोलादी बांधला आहे.)

म्हणून माझे मत असे, की बिग सर हा ‘वाटेत लागणारा’ भाग न समजता दोन्ही टोकांकडून स्वतंत्रपणे पाहण्याजोगा भाग समजावा. मुक्काम माँटेरे किंवा कार्मेलला ठेवावा आणि बिक्सबी पुलावरून जेथपर्यंत रस्ता चालू आहे तेथपर्यंत जाऊन परत यावे. सलग रस्ता चालू असेल तर त्या दिवशी सकाळी ठरवून पुढे कॅम्ब्रिया गाठता येईल. नसेल तर सॅलिनासवरून हायवे १०१ धरावा आणि पासो रोब्लेसहून हायवे ४६ ने कॅम्ब्रियाला उतरावे. रद्द केल्यास पैसे परत न मिळणाऱ्या आरक्षणाचा धोका पत्करायचाच असेल तर तो माँटेरेपुरता पत्करावा, कारण तेथे कोणत्याही परिस्थितीत पोचता येते. ली व्हायनिंगचे आरक्षण मात्र रद्द करता येण्याजोगेच हवे.

चक्रधर

माझे मत थोडे वेगळे आहे. टायोगाचा नादच सोडावा. मेअखेरीस योसेमिटीच्या दरीतले धबधबे भरात असतात आणि ज्या बर्फामुळे खिंड बंद असते त्याच बर्फाचे ते पाणी असते; मग बंद फाटकाकडे डोळे लावून दोन दिवस का घालवावेत? पश्चिमेकडून आत जावे आणि पश्चिमेकडूनच बाहेर पडावे. मोनो सरोवर सप्टेंबरच्या प्रवासासाठी राखून ठेवावे.

देवदार

चक्रधर यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, परंतु १ एप्रिलचा आकडा येण्याआधीच बेत मोडू नये. तोपर्यंत रद्द करता येणारे आरक्षण ठेवण्यात काहीच जात नाही.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. माँटेरेला मुक्काम आणि टायोगाचा निर्णय एप्रिलमध्ये, असे ठरवतो. दोन शंका उरल्या आहेत. मेअखेरीस चाकांना साखळ्या लागतील का, आणि फोनवरचा नकाशा बंद रस्त्यांच्या बाबतीत विश्वासार्ह असतो का?

मोकळी_वाट

साखळ्यांचे नियम तीन पातळ्यांचे आहेत. आर-१ आणि आर-२ मध्ये बर्फाच्या टायरांच्या गाड्यांना सवलत असते. आर-१ मध्ये हलक्या गाड्यांना, आर-२ मध्ये फक्त चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाड्यांना, आणि तीही साखळ्या गाडीत बाळगण्याच्या अटीवर. आर-३ मध्ये कोणालाही सूट नसते, पण त्या पातळीला बहुधा रस्ताच बंद केला जातो. मेअखेरीस हा प्रसंग क्वचित येतो, तरी उंचावर उशिराचे हिमवादळ येऊ शकते. भाड्याच्या गाडीबाबत करार आधी वाचावा, कारण बऱ्याच करारांत साखळ्या लावण्यास मनाई असते. तसे असेल तर वादळाच्या दिवशी वर न जाणे हाच मार्ग.

फोनच्या नकाशाबद्दल सांगायचे तर मुख्य रस्ता बंद दिसला की तो जवळचा कोणताही रस्ता पुढे करतो, मग तो जंगल खात्याचा कच्चा रस्ता का असेना. बिग सरच्या मागच्या डोंगरात अशा रस्त्यावर अडकणे म्हणजे फोनला रेंज नसताना अडकणे. कॅलट्रान्सचा क्विकमॅप (रस्त्यांची स्थिती दाखवणारा इंटरनेटवरचा नकाशा) सकाळी निघण्यापूर्वी पाहावा, तेथे बंद कोणत्या मैलापासून कोणत्या मैलापर्यंत आहे हे कळते. उद्यानाच्या आतल्या रस्त्यांसाठी उद्यानाची स्वतःची माहिती पाहावी. ‘बिग सर खुले आहे’ असे कोठे वाचले तर ते उत्तरेकडून की दक्षिणेकडून, एवढे जरूर तपासावे, कारण तेथील व्यावसायिक आपल्या बाजूचा रस्ता चालू असला की तसे लिहितात आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही असते.

गाडी चालवताना उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे. समुद्र उजव्या हाताला राहतो आणि थांबे आपल्याच बाजूला येतात. मागे पाच किंवा अधिक गाड्या साचल्या तर थांब्यावर बाजूला होणे हा तेथे शिष्टाचार नव्हे, कायदा आहे. मेअखेरीस सकाळी किनाऱ्यावर धुके दाट असते, तेव्हा दिवे खालच्या झोतावर ठेवावेत आणि बिक्सबी पुलासाठी दुपारची वेळ धरावी. इंधनाची टाकी कार्मेललाच भरून घ्यावी, म्हणजे मागे फिरावे लागले तरी अडचण येणार नाही.