‘मालकीच्या सिनेमाची नक्कल’ म्हणावं का?

बोरू: एका माहितीपत्रकाचा अनुवाद करतोय. विषय: विकत घेतलेल्या सिनेमाची स्वतःपुरती कॉपी काढणं कायदेशीर आहे का? मी लिहिलं, ‘तुमच्या मालकीच्या चित्रपटाची खासगी नक्कल’. संपादकबाईंनी ‘मालकी’ आणि ‘नक्कल’ दोन्ही खोडले. म्हणाल्या, मालक निर्माता, आणि नक्कल परीक्षेत करतात.

अनुस्वार: पहिल्या मुद्द्यात बाई बरोबर. मालकी डीव्हीडीची. चकती विका, कुणाला देऊन टाका. प्रती काढायचा हक्क तिच्याबरोबर येत नाही. म्हणून कॉपीराइटला मी ‘स्वामित्वहक्क’ म्हणणं टाळतो, स्वामी नेमका कशाचा ते कळत नाही. ‘प्रताधिकार’ म्हणा.

शंकेखोर: खरी पंचाईत ‘माझ्याकडे तो सिनेमा आहे’ या वाक्यात आहे. विकत घेतलेला, मित्राकडून आणलेला, परत द्यायचा राहिलेला, सगळे ‘माझ्याकडे’च असतात! आणि ऑनलाइन ‘विकत’ घेतलेल्याचा तर बहुतेकदा नुसता परवाना असतो.

जुनी वही: ‘नक्कल’ला परीक्षेपुरतं कशाला कोंडता? मूळ अरबी ‘नक्ल’, म्हणजे इकडून तिकडे नेणं. सातबाराची नक्कल मागताना कुणाला लाज वाटते का?

अनुस्वार: सातबाराची नक्कल सरकार देतं, तुम्ही घरी छापत नाही. ‘प्रत’ स्वच्छ शब्द आहे.

जुनी वही: स्वच्छ, पण फिका. आजोबा म्हणायचे, ‘पोथी उतरवून घेतली’. शेवटी ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया’, म्हणजे जसं पाहिलं तसं उतरवलं, असं लिहिलं की लेखनिक मोकळा. सिनेमाही उतरवूनच घेतात की.

कलमबहाद्दर: लेखनिकाला कुलूप फोडावं लागत नव्हतं. विकतच्या डीव्हीडीवर बहुधा प्रत काढता येऊ नये म्हणून सांकेतिक कुलूप असतं आणि खटका तिथेच उडतो. अमेरिकेत १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी टेप करणं रास्त ठरवलं. १९९८च्या कायद्याने मात्र कुलूप काढणंच निषिद्ध केलं, प्रत स्वतःसाठी असली तरी. भारतात प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ खासगी वापरासाठी रास्त व्यवहाराला मुभा देतं, आणि २०१२ साली आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला धरतं. ‘हेतूने’ हा शब्द अनुवादात गाळू नका! ब्रिटनने २०१४ साली खासगी प्रतीला परवानगी दिली, २०१५ साली न्यायालयाने ती रद्दही केली.

शंकेखोर: म्हणजे ‘कायदेशीर आहे का’ याला एका ओळीचं उत्तर नाही. बरं, डीव्हीडीवरचा सिनेमा संगणकात उतरवून घेतात त्या ‘रिप करणे’ला काय म्हणणार? फाडणे?

बोरू: तोच माझा पुढचा प्रश्न होता.

अनुस्वार: ‘उसवणे’. शिवण उसवून आतलं कापड मोकळं करायचं.

जुनी वही: उसवलेलं कापड जागेवर राहत नाही हो. डीव्हीडी जशीच्या तशी राहते. ‘रिप’च लिहा, लोकांना समजतं.

अनुस्वार: लोकांना समजतं म्हणून उद्या ‘पायरसी’ही लिहाल. ‘चाचेगिरी’ आहे ना?

कलमबहाद्दर: घरात एकच प्रत ठेवणारा चाचा? गलबत कुठंय त्याचं?

बोरू: मंडळी, मजकूर उद्या द्यायचाय. ‘विकत घेतलेल्या चित्रपटाची स्वतःपुरती प्रत’ चालेल?

जुनी वही: ‘स्वतःपुरती’ फार सुंदर. पण त्यात घरचे चौघे येतात का?