ऑनलाइन शिकवणी : झूम की मीट, आणि लिहायचं कशावर? (नववी-दहावी गणित)

कोथरूडची_गणितताई
नमस्कार मंडळी. मी कोथरूडला घरीच नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, स्टेट बोर्ड, मराठी आणि सेमी दोन्ही. आता बॅचमधली दोन मुलं वाघोलीला राहायला गेली, एकीच्या बाबांची बदली नाशिकला झाली, आणि तिन्ही पालक म्हणतात ताई तुम्हीच शिकवा, ऑनलाइन घ्या. वाघोलीहून संध्याकाळी कोथरूडला यायचं म्हणजे पोरांचा अभ्यासाचा वेळ बसमध्येच जाणार, त्यामुळे त्यांचंही काही चूक नाही. आठवड्यातून तीन दिवस, दीड दीड तास. माझ्याकडे जुना लॅपटॉप आहे (चालतो बिचारा), अँड्रॉइड फोन आहे, वायफाय आहे. भाच्याने ही मोठी यादी पाठवलीये, झूम, मीट, टीम्स, व्हाइटबोर्डची चार अ‍ॅप, पेन टॅब्लेट, रिंग लाइट... पैसे घालायचेच तर आधी कशावर घालू? आणि भूमितीच्या रचना कशा शिकवायच्या, माउसने कंपास कसा धरणार? शिवाय मुलांनी वहीत काय केलंय ते मला दिसणार कसं, खरं तर तेच बघायचं असतं. जे स्वतः करतायत त्यांनी सांगा, नुसत्या लिंका नकोत प्लीज.

सिंहगडरोड_फिजिक्स
आधी वेळेचं बघा कारण तिथेच सगळे अडकतात. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी मीटिंग बंद करतं. मीटवर तीन किंवा जास्त लोक असले की ६० मिनिटं, पण एकास एक असेल तर २४ तासांपर्यंत चालतं म्हणजे तेव्हा मर्यादा नाहीच समजा. टीम्सच्या फुकट खात्यालाही ग्रुपसाठी ६० मिनिटंच. तुम्ही चौघं, दीड तास, म्हणजे कुठेही मधेच तुटणार. माझं मत, लगेच पैसे भरू नका. ४० मिनिटं शिकवा, मग दहा-पंधरा मिनिटं दोन गणितं सोडवायला द्या, मीटिंग बंद, मग पुन्हा त्याच लिंकवर या. सलग दीड तास पोरं स्क्रीनकडे बघत नाहीतच, बघितल्यासारखं करतात.

लिहिण्यासाठी मी पेन टॅब्लेट वापरतो (पाटीसारखं असतं, त्यावर पेनाने लिहिलं की लॅपटॉपवर उमटतं), वॅकॉम, ह्यूऑन, एक्सपी-पेन यांतलं स्क्रीन नसलेलं छोटं मॉडेल पुरतं. हात टेबलावर आणि नजर स्क्रीनवर, हे जमायला वेळ लागतो, सुरुवातीला अक्षर बालवाडीतल्या पोरासारखं येतं. घेण्याआधी कुणाचं तरी वापरून बघा. लॅपटॉपवर ओपनबोर्ड हे फळ्याचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, त्यात पट्टी, कोनमापक, कंपास सगळं आहे आणि पीडीएफ उघडून तिच्यावर लिहिता येतं. ई-बालभारतीवरून पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उतरवून घ्या, सरावसंचाचं पान समोर ठेवून तिथेच सोडवून दाखवा. आणि यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ जॅमबोर्ड (गूगलचा ऑनलाइन फळा) वापरा सांगतात, तो गूगलने ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलाय, शोधत बसू नका.

पेठेतले_मास्तर
टॅब्लेट कशाला? ज्यांना फळ्यावर आणि वहीत लिहायची सवय आहे त्यांनी वहीतच लिहावं की. फोन वहीच्या वर टांगून ठेवायचा, स्क्रीन वर, मागचा कॅमेरा खाली, आणि त्याच मीटिंगला फोनवरून दुसऱ्या नावाने जॉइन व्हायचं, नाव सरळ 'वही' द्या. लॅपटॉपवर तुमचा चेहरा आणि आवाज, फोनवर फक्त हात आणि कागद. झूममध्ये फोनवरून जॉइन होताना ऑडिओ जोडूच नका, मीटमध्ये फोनचा माइक बंद आणि आवाज शून्यावर, नाहीतर असा काही घुमतो की मुलं पहिल्याच दिवशी पळतील. मुलांना सांगायचं 'वही' ला पिन करा, म्हणजे तीच मोठी दिसते, झालं.

रचनांचं म्हणाल तर ओपनबोर्डच्या कंपासने चित्र सुबक येतं, पण मुलाला शिकायचं काय असतं? टोक कुठे टेकवायचं, अंतर न हलवता दुसरा कंस कसा मारायचा, पट्टी कुठून धरायची. बोर्डाच्या पेपरात शेवटी कागदावरच काढायचंय ना. भूमिती म्हणजे भाग दोन, ४० गुणांचा अख्खा पेपर. तेव्हा हात दिसला पाहिजे. मऊ, गडद पेन्सिल घ्या, फिकट रेघ कॅमेऱ्यात गायब होते. दिवा डाव्या बाजूला (उजव्या हाताने लिहीत असाल तर), नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली नेमकी छेदनबिंदूवर पडते. आणि रिंग लाइट भाच्याला परत द्या, त्याला रील करायला होईल.

कोथरूडची_गणितताई
मास्तर 😄 रिंग लाइट कॅन्सल. पण फोन वहीच्या वर टांगू कशावर? आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर पाटी धरून बघितली तर अक्षरं उलटी दिसतात, मुलांनाही तशीच दिसतील का?

पेठेतले_मास्तर
नाही, ती फक्त तुम्हाला उलटी दिसतात, मुलांना सरळच. फोनसाठी टेबलाला चिमटा लावून बसतो तो लवचिक मानेचा स्टँड मिळतो, पण हलका असेल तर लिहिताना टेबलाबरोबर फोनही डोलतो, दुकानात हलवून बघून घ्या. तोपर्यंत दोन डब्यांवर जुन्या फ्रेमची काच आडवी ठेवून तिच्यावर फोन ठेवला तरी चालतं, माझं बरेच दिवस असंच चाललंय. फोन आडवा ठेवा आणि रोटेशन तपासा, नाहीतर मुलांना पान झोपलेलं दिसतं.

वाघोलीची_आई
मी शिकवत नाही, पण पालक म्हणून लिहिते कारण शिकवणारे आपल्या लॅपटॉपवरून ठरवतात आणि पोरं बघतात मोबाइलवर. आमच्याकडे एका क्लासने व्हिडिओला एक अ‍ॅप, गृहपाठाला दुसरं, टेस्टला तिसरं, फीला चौथं, असं करून ठेवलं होतं आणि पासवर्ड लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे. ताई कृपा करून एक व्हिडिओ आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, बस्स. दुसरं म्हणजे डेटा. सगळ्यांकडे वायफाय नसतं, बऱ्याच मुलांच्या रिचार्जमध्ये रोजचा १.५ किंवा २ जीबीच असतो आणि घरातला तोच एक फोन असतो, सगळ्यांचे कॅमेरे पूर्ण वेळ चालू ठेवले तर डेटा पटकन उडतो. आणि पान भरून बारीक लिहू नका, सहा इंची स्क्रीनवर वर्गमूळाचं चिन्ह कुठे संपतं तेच कळत नाही, मग पोरगं अंदाजाने उत्तर देतं.

सिंहगडरोड_फिजिक्स
डेटाचं पटलं. पण कॅमेरा कायम बंद ठेवू द्यायला माझा विरोध आहे, पोरगं झोपलंय की पबजी खेळतंय काही पत्ता लागत नाही.

पेठेतले_मास्तर
चेहरा बघून तरी काय पत्ता लागतो? मी मधेच म्हणतो, "आता कॅमेरा वहीवर", दोन मिनिटं सगळ्यांच्या वह्या बघतो, मग बंद. कुणाची कुठली पायरी अडलीये ते तेव्हाच कळतं. बाकी गृहपाठाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो दाबला जाऊन धूसर येतो. मग त्यावर लाल रेघेने चुकलेल्या पायरीवर गोल करून परत पाठवायचा. फक्त उत्तर बरोबर की चूक एवढंच बघायचं असेल तर गूगल फॉर्म आहे, पण गणितात तेवढ्याने भागत नाही.

भोसरी_ते_बाणेर
उशिरा आलो. जिओजेब्राचं (भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येतात ते सॉफ्टवेअर) कुणीच कसं बोललं नाही? मास्तरांचं रचनांबद्दल बरोबर आहे, पण प्रमेयांसाठी जिओजेब्राच. वर्तुळ काढा, जीवा काढा, एकाच कंसात अंतर्लिखित कोन काढा आणि शिरोबिंदू बोटाने त्याच कंसावर सरकवत न्या, कोनाचं माप हलत नाही हे पोरांना डोळ्यांनी दिसतं, मग सिद्धता लिहायला घेतली की कंटाळा कमी येतो. ब्राउझरमध्येच चालतं, लॉगिन नको. आकृती मुलांनाच सरकवू द्या, तुम्ही सरकवलीत तर तो टीव्ही झाला.

रेकॉर्डिंग लागलं तर झूमच्या फुकट खात्यात लॅपटॉपवर होतं, मोबाइलवर नाही, आणि मीटच्या फुकट खात्यात नाहीच. फक्त 'वही'चंच रेकॉर्ड करा, अल्पवयीन मुलांचे चेहरे-आवाज ग्रुपवर फिरवू नका, पालकांना आधी विचारा.

आणि ताई, गुरुवारी क्लास ठेवताय का? त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर बंद. राउटरचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) बघा, राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट आहे की ९ ते वाचून जा. माझ्या मते पहिला खर्च हाच.

कोथरूडची_गणितताई
गुरुवार आहेच आमचा 😅 आणि आमच्याकडे लाइट जातेच. मग आधी यूपीएस आणि स्टँड, टॅब्लेट सध्या नको, शेजारच्या मुलीचा आहे तो वापरून बघते. मीटवर सुरू करते, सगळ्यांकडे जीमेल आहेच. पहिल्या आठवड्यात रचना नकोत, बीजगणितच घेते, तोवर हात बसेल. एकच राहिलं, तासभर कॅमेरा चालू राहून फोन तापतो का? माझा जुना आहे.

भोसरी_ते_बाणेर
तापतो. कव्हर काढून ठेवा, आधीच पूर्ण चार्ज करा आणि क्लास चालू असताना चार्जर लावू नका, त्याने जास्त तापतो. त्या मधल्या सुट्टीत कॅमेरा बंद करा, तेवढा गार होतो. आणि 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, नाहीतर समीकरणाच्या मधोमध कुणाचा तरी फोन येतो आणि 'वही' गोठून बसते.