शेंगदाण्याच्या पुडीवरचा पॅन नंबर (तुमचेही असे अनुभव लिहा)

फणसपोळी

परवा मिरजेहून पुण्याला येताना गाडीत दहा रुपयांचे शेंगदाणे घेतले. साताऱ्याच्या पुढे कधीतरी ते संपले आणि सवयीने पुडीचा कागद उलगडून वाचायला घेतला. भेळेच्या कागदावरच्या अर्धवट गोष्टी वाचतच मोठी झालेय मी. हा कागद म्हणजे कुणाचातरी कर्जाचा अर्ज निघाला. नाव, पत्ता, पॅन, मोबाइल, बायकोचं नाव, पगार, खाली सही. कोपऱ्यात फोटोची झेरॉक्स, मिशी छान कोरलेली, गालावर मीठ चिकटलेलं.

आणि एकदम २००७ आठवलं. सांगलीत कॉलेजला होते. बाबांनी सेकंडहँड नोकिया घेऊन दिलेला. रिचार्जच्या दुकानात काउंटरवर शंभर पानी वही असायची, पेन सुतळीला बांधलेलं. आपला नंबर आपणच लिहायचा, पुढे रक्कम. मी तीस रुपये लिहायचे. आठवड्याभरात रात्रीचे मिस्ड कॉल सुरू झाले. आधी नुसतेच. मग एकदा उचलला तर पलीकडून, "काल पिवळा ड्रेस छान होता."

मी आईला सांगितलं, आईने बाबांना. बाबांनी सिम काढून दोन तुकडे केले आणि फोन कपाटात. "तूच कुणाला तरी दिला असशील नंबर." पुढे वर्षभर फोन नाही. वहीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. मीही नाही, खरं तर. तेव्हा मलाच वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं.

दुकान अजून आहे. आता तिथे आधार-पॅनच्या झेरॉक्स निघतात आणि ऑनलाइन फॉर्म भरून मिळतात.

तुमचं काय काय असं बाहेर गेलंय? लिहा. मोठं झालं तरी चालेल.

भटक्या

रिचार्जची वही!! आमची ताई कायम मला पाठवायची, पन्नासची नोट आणि चिठ्ठीवर नंबर. मला वाटायचं आळशी आहे. आत्ता, ३४ व्या वर्षी, तुमचं वाचून कळलं का पाठवायची ते. आणि मी ती चिठ्ठी दुकानातच टाकून यायचो. आज रात्री फोन करतो तिला.

सुलभाताई

मुलींनो, आमच्या वेळी नव्हतीच ही प्रायव्हसी, मग जाणार कुठून? सदाशिव पेठेत आमच्या वाड्यात एकच फोन, मालकांकडे. सगळ्या बिऱ्हाडांचा तोच पी.पी. नंबर. माझं लग्न ठरल्याचा फोन आला तो मालकीणबाईंनी घेतला. मी दोन जिने उतरून पोचेपर्यंत साखर वाटून झाली होती. पोस्टकार्ड तर पोस्टमन वाचूनच द्यायचा, "मावशींना बरं नाही म्हणे." आणि टेलिफोन डिरेक्टरीत नाव छापून आलं की लोक कौतुकाने दाखवायचे, पत्त्यासकट!

एक मात्र आहे. मालकीणबाईंना माझं काय काय ठाऊक आहे ते मला ठाऊक होतं. आणि त्यांचंही बरंच काही मला ठाऊक होतं, त्यामुळे त्या जपून असायच्या.

(चष्मा सापडत नाहीये, चुका असतील तर समजून घ्या.)

दादर_पूर्व

सुलभाताई _/\_ शेवटचा परिच्छेद म्हणजे अणुकरारच की.

स्वरा२७

माझा बायोडेटा. २०१९ ला आईने ज्ञातीच्या वधूवर ग्रुपवर टाकला. रास, नाडी, गण, उंची (आईने एक इंच वाढवलेली), पगार (हाही वाढवलेला), घरचा पत्ता, बाबांचा आणि माझा नंबर, मामाचं गाव. मावसबहिणीच्या लग्नातला पैठणीतला फोटो, जो मला मुळीच आवडत नाही. त्या ग्रुपवरून तो किती ग्रुपांत गेला ते देवाला माहीत. लग्न झालं २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, मोजून पन्नास माणसांत.

गेल्या महिन्यात लेकीला न्हाऊ घालत होते, फोन वाजला, खांद्याने धरून उचलला. नाशिकहून एक काकू. "स्थळासंदर्भात बोलतेय. मुलगी सध्या काय करते?" मी म्हटलं, मुलगी दीड वर्षाची आहे, साबण खातेय.

काकूंनी तरीही विचारलं, "मग दुसरं कुणी आहे का तुमच्यात?"

भटक्या

साबण खातेय =)) =))

कोपऱ्यातला

मला हा सगळा बाऊ वाटतो. लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला? कंपन्यांना तुमच्या आयुष्यात काडीचा रस नाही. मिक्सर शोधला तर मिक्सरची जाहिरात दिसते, एवढंच.

दादर_पूर्व

कोपऱ्यातला, पगार किती हो तुम्हाला?

कोपऱ्यातला

विषय भरकटवू नका.

दादर_पूर्व

हातात किती ते नको, सीटीसी चालेल. (हलकेच घ्या.)

असो, माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला. किती घासाघीस केली ते बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं. राहायला गेलो त्या रविवारी शेजारचे काका चहाला आले आणि बसता बसता म्हणाले, "अमुक लाखाला घेतलात ना? आम्हाला अकरा लाख स्वस्त पडला होता." आकडा हजारापर्यंत बरोबर. मी सर्द. एजंटवर संशय, बँकेवर संशय. काकांनी मग अभिमानाने मोबाइलवर दाखवलं: सूची क्रमांक २, म्हणजे घराच्या व्यवहाराची सरकारी नोंद. विकणाऱ्याचं नाव, माझं नाव, वय, पत्ता, मोबदला, मुद्रांक शुल्क. काकांनी आख्ख्या विंगची काढून ठेवलीयेत, वहीत, मजल्याप्रमाणे. निवृत्त माणूस, वेळ जात नाही.

काळा_कोट

दादर_पूर्व, काकांनी बेकायदा काही केलेलं नाही. नोंदणी कायदा १९०८, कलम ५७: सूची १ आणि २ फी भरून कुणालाही पाहता येतात. हेतू चांगलाच आहे, एकच फ्लॅट दोघांना विकता येऊ नये. फरक इतकाच की पूर्वी त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अर्धा दिवस धूळ खावी लागायची. शेजाऱ्याच्या कुतूहलाला एवढा उत्साह नसतो. आता काका पायजम्यात बसून बघतात. कायदा तोच आहे, धूळ गेली.

आणि कोपऱ्यातला यांना: तुम्ही नुसता बाऊ म्हणालात, "खासगीपणाचा हक्कच घटनेत नाही" हे म्हणणं सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयातही मांडलं गेलं होतं. १९५४ चा आठ न्यायाधीशांचा एक जुना निकाल आड येत होता म्हणून नऊ जणांचं पीठ बसवावं लागलं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊच्या नऊ जणांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा ऐंशी ओलांडलेले. सूची २ वाल्या काकांच्याच वयाचे म्हणा, पण छंद वेगळा.

सुलभाताई

सापडला चष्मा. डोक्यावरच होता.

रानवेडा

शहरातल्यांचं वाचलं, आता गावाकडचं ऐका. २०२० च्या फेब्रुवारीत महात्मा फुले कर्जमाफीच्या याद्या लागल्या, दोन लाखांपर्यंतच्या. चावडीवर, बँकेत कागद चिकटवलेले. त्याला आमची हरकत नव्हती. आमच्याकडं सातबाराचं चावडीवाचन होतं, कुणाचं किती थकलंय हे गावाला पाठ असतं. माझ्या चुलत्याचं नाव त्यात होतं. दोन वर्षं सोयाबीन हाती लागलं नव्हतं.

मग कुणीतरी यादीचे फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकले. तिथून तालुक्याच्या, तिथून कुठं कुठं. त्याच महिन्यात चुलतबहिणीच्या सोयरिकीची बैठक. पोरगं बार्शीकडचं. पाव्हणे आले, पोहे झाले, पानसुपारी झाली, आणि पोराच्या मामानं खिशातून मोबाइल काढून चुलत्याच्या पुढं धरला. म्हणाला, "अभिनंदन. माफी झाली तुमची. मंग लग्न दोन्हीकडचं तुम्हीच करा की आता."

चुलता काही बोलला नाही. पान तसंच हातात धरून बसला. पाव्हणे गेल्यावर म्हणाला, गावानं वाचलं त्याचं काही नाही रं, हे बार्शीला कसं गेलं?

सोयरीक आम्हीच मोडली. बहीण आता तलाठी भरतीची परीक्षा देऊन तलाठी आहे, दुसऱ्या जिल्ह्यात.

भटक्या

"अभिनंदन" वाचून हात शिवशिवले. ताईंना सलाम.

काळा_कोट

रानवेडा, तलाठी झाल्या हे फार आवडलं.

फणसपोळी

रानवेडा, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुमच्या काकांचा प्रश्न अगदी तोच आहे.

प्राजक्त_नवा

नेहमीचा आयडी आहे माझा इथे, पण हे लिहायला नवीन काढला. कोण ते ओळखलंत तरी लिहू नका.

चौदाव्या आठवड्यात गेलं. दवाखान्यात पहिल्या भेटीला फॉर्म भरला होता, त्यात मोबाइल नंबर, शेवटच्या पाळीची तारीख. पुढच्याच आठवड्यात फोन यायला लागले होते, बाळाच्या नाळेतलं रक्त साठवून ठेवणारे लोक, मग विमावाले, मग प्रसूतीआधीच्या व्यायामाचे वर्ग. तेव्हा मजा वाटायची. घरात सासूबाईंना सांगायच्या आधी यांना कळलं म्हणून आम्ही हसलो पण होतो.

नंतरही येत राहिले. पहिल्यांदा नीट सांगितलं. ती मुलगी बिचारी सॉरी सॉरी म्हणाली. पुढच्या महिन्यात दुसरी मुलगी. "मॅडम, आता सहावा ना?" नवऱ्याने ब्लॉक करून दिले, नंबर बदलून येतात.

एकदा संध्याकाळी आला. "सातवा लागला असेल ना मॅडम?" मी म्हटलं, हो, लागला. ती बोलत राहिली. किती वर्षं साठवतात, हप्ते कसे भरायचे. मी ऐकत राहिले. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत.

दिलेली तारीख आली त्या दिवशी सकाळी अभिनंदनाचा मेसेज आला. लंगोटांवर वीस टक्के सूट.

तीन वर्षं झाली. आता ठीक आहे. हे कुणाला सांगितलं नव्हतं, कुकरचं.

स्वरा२७

घट्ट मिठी.

सुलभाताई

बाळा, पुण्यात असलीस तर ये गं जेवायला. नाव सांगू नकोस, नुसती ये.

कोपऱ्यातला

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. प्राजक्त, माफ करा.

म्युनिककर

उशिरा आलो, मुलं झोपेपर्यंत वेळ नाही. जर्मनीचं सांगतो. गुगलचे रस्त्यांचे फोटो इथे २०१० मध्ये येणार म्हटल्यावर सुमारे २ लाख ४४ हजार घरांनी "आमचं घर पुसा" असा अर्ज केला. कितीतरी वर्षं म्युनिकच्या गल्ल्या बघितल्या की मध्येच एखादी इमारत धुक्यात. आणि गंमत म्हणजे त्याच घराच्या बेलवर आडनाव ठसठशीत! फ्लॅट नंबर नसतातच बहुतेक ठिकाणी, पोस्टमन आडनावावरून शोधतो.

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. बागेत नातवाचा व्हिडिओ काढून थेट साताऱ्याला मावशीला दाखवत होती. एक जर्मन बाई आल्या, शांतपणे म्हणाल्या, माझी मुलगी तुमच्या चित्रात आहे, कृपया बंद करा. मी आईला समजावलं. आई म्हणाली, "अगं बाई, दृष्ट लागेल म्हणून का? मग बरोबर आहे." आणि स्वतःच्या पर्समधून काजळाची डबी काढली.

मी भाषांतर करायचं टाळलं.

भटक्या

काजळ ही आद्य प्रायव्हसी सेटिंग =))

माझा छोटा किस्सा. ऑर्कुटवर आपलं प्रोफाइल कोण बघून गेलं ते दिसायचं, आठवतंय? मला ते दिसतं हे माहीतच नव्हतं. वर्गातल्या एकीचं रोज रात्री बघायचो. पंधरा दिवसांनी तिने माझ्या स्क्रॅपबुकात लिहिलं, "काही हवंय का?" स्क्रॅपबुक म्हणजे जाहीर सभा. नाही, पुढे लग्न वगैरे झालं नाही. रक्षाबंधनाला दुसरा स्क्रॅप आला.

दादर_पूर्व

अरेरे. तोही जाहीर?

भटक्या

राखीच्या चित्रासकट. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं तेव्हा सगळे हळहळत होते, मी एकटा सुटलो.

काळा_कोट

व्यक्तिगत निरोपातून तिघांनी विचारलं म्हणून इथेच टंकतो: झेरॉक्स द्यायचीच तर आधारची 'मास्क्ड' प्रत काढा, शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रत कशासाठी दिली ते आणि तारीख वर आडवं लिहून सही करा. बोटांचे ठसे आधारच्या ॲपमधून लॉक करता येतात. नको त्या फोनांची तक्रार १९०९ या नंबरवर. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यावर वेगळा धागा काढेन म्हणतो, दिवाळीनंतर.

स्वरा२७

कुठल्या दिवाळीनंतर ते पण लिहा :)

फणसपोळी, त्या पुडीतल्या माणसाचं काय केलंत? फोन केला का?

फणसपोळी

केला! घरी आल्यावर दोन दिवस कागद फ्रिजवर चुंबकाखाली होता. फाडून टाकावा तर मिशीवाला चेहरा बघून फाडवेना. शेवटी लावला फोन. म्हटलं, तुमच्या कर्जाच्या अर्जाचा कागद माझ्याकडे आहे, पॅन नंबर आणि सही आहे त्यावर, सावध राहा. ते म्हणाले, "माझा नंबर कुठून मिळाला?" म्हटलं, शेंगदाण्याच्या पुडीवरून.

"हे नवीन काढलंय होय तुम्ही लोकांनी," म्हणाले आणि ठेवला. परत लावला तर ब्लॉक.

सुलभाताई

मग कागदाचं काय केलंस?

फणसपोळी

भिजवून लगदा केला, कुंडीत घातला. सही शेवटपर्यंत दिसत होती.

दादर_पूर्व

शेंगदाणे कसे होते?

फणसपोळी

खवट.

वाचनमात्र_आजवर

पहिलाच प्रतिसाद. धागा सकाळपासून वाचतेय, सगळ्यांचे अनुभव सुन्न करणारे. एक विचारायचं होतं. ते सूची २ कुठे बघतात, कुणी लिंक देईल का? आमच्या वरच्या मजल्यावर नवीन लोक आलेत.